घरमालकांची लाइव्ह हॉकी

चुकीच्या रिमोटचं चुकीचं बटण दाबल्यामुळे ज्याला भाड्याचं घर मिळालं, असा सिंगापुरातला मी बहुधा एकमेव मराठी माणूस असेन.

यिशुनला खोल्या बघायला गेलो तो शनिवार होता. सकाळचीच वेळ, पण ऊन असं की एमआरटी स्टेशनपासून ब्लॉकपर्यंत चालत येईतो माझ्या शर्टावर सातही खंडांचे नकाशे उमटले होते. बेल वाजवली. दार उघडलं ते एका माकडटोपीने. टोपीच्या आत चष्मा, चष्म्याखाली मफलर, मफलरखाली गुडघ्यापर्यंत जाड कोट. मागून गार हवेचा असा लोट आला की आमची मुलगी माझ्या पायाला चिकटून म्हणाली, "बाबा, धिस वन फ्रिज, इज इट?"

"चपला बाहेर. आत या. बोलू नका," माकडटोपी म्हणाली. "शेवटचा भाग चालू आहे."

हॉलमध्ये टीव्हीवर पांढरी अस्वलं आवाज न करता बर्फावरून चालली होती, आणि कुठून तरी एक माणूस इंग्रजीत जिवाच्या आकांताने ओरडत होता. सोफ्यावर एक बाई शाल पांघरून मेथी निवडत बसल्या होत्या. मी माझ्या मनाशी निदान करून टाकलं: यजमानांना हुडहुडी भरून ताप आला आहे, आणि त्यांना एसी बंद करायचंही सुचत नाही. आमच्या घरी ताप आणि गार वारा एकत्र दिसला की आई धावत खिडकी लावायची, तेच रक्त माझ्यात उसळलं. "काका, तुम्हाला ताप आहे, तुम्ही बसा, मी बघतो," म्हणत मी टीपॉयवरचा रिमोट उचलला आणि लाल बटण दाबलं.

अस्वलं नाहीशी झाली.

"अस्वलं!" काका ओरडले. रागाने नव्हे, घरातलं कोणी गेल्यासारखे.

मी पुन्हा बटण दाबलं. केबलचा डबा चालू व्हायला त्याचा वेळ घेऊ लागला. तेवढ्यात तो ओरडणारा माणूस एकदम मवाळ झाला आणि खालच्या आवाजात काहीतरी दुःखाचं सांगू लागला. काकांनी माकडटोपी काढली. "हरलो," ते म्हणाले.

माझ्या बायकोने तोवर एका पायात चप्पल घातली होती. पण सोफ्यावरच्या काकू मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "बसा हो. हे दर वर्षी हरतात. तुमच्यामुळे नाही." मग नवऱ्याकडे वळून, "अहो, यांनाच देऊ या खोल्या. परक्याच्या तापाची काळजी करणारा भाडेकरू कुठे शोधायला जाणार?"

असे आम्ही त्या घरात राहायला गेलो आणि ते आमचे घरमालक झाले.

जे चाललं होतं ते असं. घरमालक सांगलीचे. तरुणपणी हिशेबाचं शिक्षण घ्यायला अमेरिकेच्या पार उत्तरेकडच्या एका छोट्या गावातल्या कॉलेजात गेले होते. त्या कॉलेजचा आइस हॉकीचा संघ होता. नंतर सिंगापुरात नोकरी लागली, नागरिकत्व मिळालं, मुलगा ऑस्ट्रेलियात गेला, ते रिटायर झाले, पण कॉलेजच्या हॉकीतून काही ते बाहेर आले नाहीत. दर मार्चमध्ये बाद फेरी असे. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे शनिवारची सकाळ. सिंगापुरातलं कोणतंही चॅनेल ती मॅच दाखवत नसे. मग घरमालक कॉलेजच्या रेडिओचं समालोचन इंटरनेटवर लावत आणि टीव्हीवर आवाज बंद करून ध्रुवावरचा एखादा प्राण्यांचा कार्यक्रम.

"कानाला मॅच, डोळ्याला बर्फ," ते सांगत. "दोन्ही एका जागी मिळेपर्यंत असंच."

एसी सोळावर आणि अंगात कोट, कारण स्टेडियममध्ये थंडी असते. काकूंनी या गोष्टीशी कधीच तह केला होता. मार्च जवळ आला की त्या शाल उन्हात टाकत.

घरमालक एरवी इतके हळू बोलत की लिफ्टमध्ये त्यांना मजला विचारला तर वाकून ऐकावं लागे. जन्मभर ऑडिटरची नोकरी केलेली. हॉकर सेंटरमध्ये कॉफीत साखर पडली तरी तक्रार नाही, तशीच पिऊन टाकायचे. पण 'लाइव्ह' या शब्दावर मात्र त्यांचा स्वर चढे. मी एकदा म्हणालो, "काका, दुसऱ्या दिवशी त्या मॅचचे व्हिडिओ सापडतात की. सगळे गोल एकापाठोपाठ."

त्यांनी चष्मा काढला. "लाइव्ह म्हणजे अजून काहीही होऊ शकतं. निकाल लागल्यावर बघायचं ते श्राद्ध."

मी आयटीतला. अशा वेळी गप्प बसवत नाही. मी म्हणालो की, कॉम्प्युटर अमेरिकेत आहे असं भासवण्याची एक युक्ती असते, मी जोडून देतो. "नको," ते म्हणाले. "चोरून बघायची मॅच म्हणजे दुसऱ्याच्या गॅलरीतून बघायचं लग्न. मला पत्रिका पाहिजे." तरी त्यांना चकित करावं म्हणून मी एका शनिवारी खटपट केलीच. तासाभराने पडद्यावर तुर्कस्तानातल्या एक बाई वांगी भाजताना दिसल्या. काकूंनी ती कृती मात्र मन लावून बघितली.

हॉकीतलं एकेक कलम त्यांनी घरात लागू केलं होतं. त्या खेळात कोणी आगळीक केली की त्याला दोन मिनिटं एका कठड्यात बसवतात. आमच्या घरात चपलांच्या कपाटाशेजारचं स्टूल म्हणजे तो कठडा. नळ ठिबकत ठेवला, दोन मिनिटं. बाथरूमचा दिवा राहिला, दोन मिनिटं. मी चाळिशी उलटलेला माणूस, हाताखाली सातजण, आणि ओला टॉवेल खुर्चीवर टाकल्याबद्दल चपलांशेजारी हाताची घडी घालून बसायचो. माझी मुलगी घड्याळ धरून समोर उभी. "बाबा, नॉट यट लाह! टू मिनिट्स मीन्स टू मिनिट्स." एकदा घरमालकांनी स्वतः चहाचा कप टेबलावर तसाच ठेवला आणि मुलीने बोट केलं. ते उठून स्टुलावर जाऊन बसले. नियम कुणी केला याने फरक पडत नाही, असं त्यांचं मत होतं.

ऑफसाइडही त्यांनीच शिकवलं. हा खेळ चेंडूने नाही, रबराच्या एका चपट्या चकतीने खेळतात, तिला पक म्हणतात. "पक समोरच्याच्या हद्दीत शिरायच्या आधी आपला माणूस शिरला की ऑफसाइड. पाहुण्याने आधी पेढ्यांचा पुडा पुढे करावा, मग स्वतः उंबरा ओलांडावा. हात हलवत आत शिरला तर तो ऑफसाइड." त्यानंतर आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने आलं की माझी मुलगी दारातच मोठ्याने शिट्टी वाजवू लागली. ते बंद करायला आम्हाला बरेच दिवस लागले.

आणि एक नियम त्यांना शिकवावा लागला नाही, तो आपल्या सगळ्यांच्या अंगातच असतो. क्रिकेटमध्ये आपली जोडी जमली की जो जिथे बसलाय तिथून त्याने हलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, पाय बदलायचा नाही. आपल्या किती काकवा वर्ल्डकपमध्ये दोन-दोन तास कणकेचे हात धरून दारात उभ्या राहिल्या आहेत. घरमालकांनी या प्रथेला घटनेचा दर्जा दिला होता. 'आपल्या गोलाने आघाडी मिळाली तेव्हा जो जिथे होता, तो सामना संपेपर्यंत तिथेच.' एका शनिवारी मुलीला पोहायला नेण्यासाठी मी मोजे चढवत असताना रेडिओवर आघाडीचा गोल झाला. पुढचा सगळा वेळ मी एक मोजा पायात, एक हातात, असा भिंतीला टेकून काढला. पोहणं बुडालं. मॅचही हरलो. पण माझी हयगय झाली असं कोणी म्हणू शकलं नाही.

हे वेड लागलं कसं, हे त्यांनी स्वतः कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणत, "खोलीतला हीटर बिघडला होता. बर्फाच्या स्टेडियमच्या लॉबीत ऊब असायची." म्हणजे हा गृहस्थ थंडी वाजते म्हणून बर्फाच्या मैदानावर जाऊन बसायचा. काकूंचं म्हणणं निराळं होतं. एकदा वाटाणे सोलताना त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "अगं, तिथे यांना कोण ओळखत होतं? वर्गात तोंड उघडायची चोरी. तिथे मात्र सगळं गाव ओरडायचं, मग यांनाही ओरडता यायचं. तेवढंच."

तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी घरमालक केबल कंपनीला फोन करत. स्पीकरवर. काकूंना साक्षीदार म्हणून बसवून.

"गुड मॉर्निंग. आय वुड लाइक टू सी द कॉलेज आइस हॉकी प्लेऑफ्स. लाइव्ह."

"आइस हॉकी, अंकल? सिंगापूर सो हॉट, व्हेअर गॉट आइस?"

"द आइस इज इन अमेरिका."

"ओ. बट नोबडी वॉच, अंकल. नो डिमांड."

इतकी वर्षं संभाषण इथे संपे. पण मी सांगतोय त्या वर्षी काकूंनी मध्येच जाहीर केलं, की या मार्चनंतर खेळांचं पॅकेज बंद. "मुलाकडे जाऊन राहायचं ठरलंय ना? तिथे सुनेच्या घरात एसी सोळावर लावून कोट घालून बसणार आहात का? या वर्षी दिसली तर दिसली. नाहीतर अस्वलांना नमस्कार करा आणि उठा."

घरमालक त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण भात मागून घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "डिमांड म्हणजे किती माणसं असतील?"

"काका, तुमच्याखेरीज या बेटावर कोणी–"

"किती?"

"चाळीस तरी?" मी उगाच म्हणालो.

उगाच बोलायची ही सवय मला पुढे फार महागात पडली. कारण महिनाभर न थांबता पुढच्याच सोमवारी घरमालकांनी फोनवर सांगितलं, की यिशुनमध्ये आइस हॉकीच्या चाहत्यांचं चाळीसजणांचं मंडळ आहे, आणि त्याचे सेक्रेटरी शेजारी बसले आहेत. रिसीव्हर माझ्या हातात आला.

मग यिशुन आणि वुडलँड्समधल्या मराठी घरांतून कंपनीला फोन सुरू झाले. मीच सगळ्यांना गळ घातली. माझ्या ऑफिसातल्या चौघांनी केले, बायकोच्या भिशीतल्या बायकांनी केले. बँकेतल्या जोश्यांच्या बायकोला तिकडून विचारलं, "मॅडम, व्हिच प्लेअर यू लाइक?" जोशीवहिनी क्षणभरही न अडखळता म्हणाल्या, "द गोलकीपर. पुअर थिंग, ऑल अलोन ही इज लुकिंग आफ्टर द हाउस."

आठवडे गेले. आणि एक दिवस कंपनीतून कुणा मिस लिमचा फोन आला. मार्केटिंगमधली मुलगी. तिने सांगितलं, की बाद फेरीचे सामने त्यांच्याकडे येतातच, फक्त कधी लावत नाहीत. या वेळी एका मोकळ्या चॅनेलवर प्रयोग म्हणून लावू. आणि मंडळाचे लोक एकत्र बघतात तिथे ती फोटोग्राफर घेऊन येणार. उष्ण प्रदेशातले आइस हॉकीचे भक्त, अशी छान बातमी होईल. मंडळ असेल तर पुढेही दाखवता येईल.

त्या वर्षी त्यांचं कॉलेज बाद फेरीत होतं. घरमालकांनी फोन खाली ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच हाताखाली धरून ठेवला. मग म्हणाले, "मंडळ जमवा."

शनिवारी सकाळी आठ वाजता चाळीस मराठी माणसं जमवायची तर एकच उपाय असतो. काकूंनी मिसळ करायचं कबूल केलं. घरमालक आणि मी लिटिल इंडियातल्या त्या रात्रंदिवस उघड्या असलेल्या मोठ्या दुकानात गेलो, तिथे एका कोपऱ्यात काश्मीरला जाणाऱ्यांसाठी लोकरीच्या टोप्या असतात. ढीगभर आणल्या. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "ट्रिप का, अंकल?" घरमालक म्हणाले, "नाही. घरीच."

आदल्या रविवारी तालीम झाली. जेवणाच्या टेबलावर मैदान, मिठाची बरणी म्हणजे आपला गोलकीपर, खजूर म्हणजे आपले खेळाडू, काजू म्हणजे त्यांचे. पक म्हणून एक गूळपोळीचा तुकडा ठेवला होता, तो जोश्यांनी खाल्ला. तेवढ्यापुरतं त्यांना कठड्यात बसावं लागलं. शेवटी घरमालकांनी अगदी सोपं करून सांगितलं. "काही कळलं नाही तरी चालेल. पांढरे कपडे आपले. पांढऱ्यांनी जाळ्यात घातला की ओरडायचं."

शनिवार उजाडला. चाळीस नव्हेत पण पंचवीसेक जण आले. सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या, एसी सोळावर, आणि हातात कट ओतलेली मिसळ. गारठ्याने आणि तिखटाने मिळून नाकं अशी वाहत होती की मिस लिम आत आली आणि दारातच थबकली. "वा, सो इमोशनल," ती म्हणाली. तिलाही टोपी दिली. फोटोग्राफर स्टुलावर चढला. कठड्याचंच स्टूल.

आणि टीव्हीवर खराखुरा बर्फ आला. त्यावर खरीखुरी माणसं. कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'लाइव्ह'. घरमालक पडद्याजवळ गेले आणि त्या अक्षरांवरची धूळ बोटाने पुसली.

पहिल्या पाच मिनिटांतच पांढऱ्यांनी गोल केला. घर दणाणलं! जोश्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कोणी 'मोरया' म्हणालं, कोणी शिट्टी मारली. फक्त घरमालक पुतळ्यासारखे उभे होते. मग त्यांनी मला बाजूला ओढलं.

"आपण गडद कपड्यांत आहोत," ते कुजबुजले. "यजमान संघ पांढरं घालतो. आज यजमान ते. हे माझ्या लक्षातच... इतकी वर्षं रेडिओ ऐकला ना मी. रेडिओवर कपडे कुठे दिसतात?"

पंचवीस मराठी माणसं शत्रूच्या गोलावर नाचत होती आणि मिस लिम लिहून घेत होती. "अंकल, धिस टीम युअर टीम?"

"नो," घरमालक म्हणाले. मान ताठ. "बट इन अवर कल्चर वी अ‍ॅप्रिशिएट."

तिने तेही लिहून घेतलं.

मी सेक्रेटरी या नात्याने एकेकाच्या कानाशी जाऊन रंगबदल जाहीर केला, आणि आघाडी मिळाल्यावर जागा न सोडण्याचा नियमही सांगून ठेवला. वळवायला वेळ लागला. काहीजणांचं पांढऱ्यांवर मन बसलं होतं. जोशीवहिनी तर म्हणाल्या, "आधी सांगायचं ना, मी त्यांच्यासाठी मारुतीला बोलले." तरी दुसरा भाग संपेपर्यंत मंडळ बरंचसं गडद झालं होतं, आणि गंमत अशी की सामनाही: सतत मागे राहून आपण शेवटी बरोबरी साधली होती. दोन-दोन. आता ओरडायला कोणाला सांगावं लागत नव्हतं. मिसळीच्या वाट्या खाली राहिल्या होत्या. माझे सहकारी, जे फक्त पावासाठी आले होते, ते रेफरीला मराठीतून नाही नाही ते बोलत होते. घरमालक मात्र बसत नव्हते. खिडकीशी जात, परत येत, मफलर सोडत, बांधत.

तिसऱ्या भागाची थोडीच मिनिटं उरली असताना वुडलँड्सचं एक कुटुंब उशिरा आलं. खुर्च्या कमी पडल्या. "मी आणतो," घरमालक म्हणाले.

सिंगापूरच्या नव्या फ्लॅटांत एक छोटी खोली असते, जाड काँक्रीटच्या भिंती आणि लोखंडी दार. बॉम्ब पडले तर लपायला. बॉम्ब काही पडत नाहीत, म्हणून सगळे तिथे तांदूळ, सुटकेसी आणि घडीच्या खुर्च्या ठेवतात. आमच्या घरी तिचं दार स्वयंपाकघरात होतं.

"काका, तुम्ही थांबा, मी जातो," मी म्हणालो. पण ते गेलेही होते. आणि खरं सांगतो, मीही काही फार आग्रह केला नाही. माझे डोळे पडद्यावर होते.

तेवढ्यात आमच्या एका पोराने मधोमध पक पकडला, दोघांना चकवलं, आणि गोल!

काय ओरडलो आम्ही! खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी छताला काठी ठोकली. मिस लिम जोशीवहिनींच्या गळ्यात पडली. मी हवेत उडी मारली आणि खाली आलो तो कोणाच्या तरी मिसळीत. आणि मग आम्ही सगळे एकदम वळलो. घरमालक दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन उभे होते.

"काका! गोल! आपला!"

"तीन-दोन?" ते म्हणाले.

"तीन-दोन!"

"मी आत होतो," ते म्हणाले. अगदी त्यांच्या लिफ्टमधल्या आवाजात.

टाळ्या थांबल्या. मंडळात त्या वेळी नियम माहीत नसलेला एकही माणूस नव्हता.

"अहो, काहीतरीच काय!" काकू म्हणाल्या. "या इकडे. जन्मभर ज्याच्यासाठी–"

"काका, नियम तुमचाच ना? तुम्हाला माफ," मी म्हणालो.

"नियम कोणाचा याने फरक पडत नाही." त्यांनी खुर्च्या भिंतीला टेकवल्या, टोपी सारखी केली आणि आत जाऊन लोखंडी दार ओढून घेतलं.

त्यानंतरची मिनिटं मी कधी विसरणार नाही. पंचवीस माणसं जिथल्या तिथे गोठली होती. जोश्यांचा चमचा तोंडाशी थांबलेला. फोटोग्राफर एका पायावर, मिस लिम अजून जोशीवहिनींच्या गळ्यात, माझा पाय मिसळीत. पांढऱ्यांनी आमच्या जाळ्यावर जो काही हल्ला चढवला! पक एकदा खांबाला लागून परतला तेव्हा काकूंच्या तोंडून "आई गं" निघालं. ज्या बाईने इतकी वर्षं मेथी निवडली, ती बाई दोन्ही मुठी आवळून उभी होती. घड्याळ शून्यावर आलं. भोंगा वाजला. त्यांचं कॉलेज, घरमालकांच्या सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा, बाद फेरीत जिंकलं होतं. सिंगापुरात थेट प्रक्षेपणासह. आणि ते बघायचं सोडून घरमालक लोखंडी दाराआड तांदळाच्या पोत्यांत होते.

मी धावत जाऊन दार उघडलं. ते एका पोत्यावर मांडीवर हात ठेवून बसले होते, दिवा न लावता.

"किती?"

"तीन-दोनच. जिंकलो, काका!"

"लाइव्ह?"

"लाइव्ह."

"हं," ते म्हणाले. चष्मा काढून मफलरला पुसला. "चहा टाकायला सांग. साखर घालून."

दुसऱ्या दिवशी पुढची फेरी होती. कंपनीने तीही दाखवली. मंडळातले मोजकेच आले, कारण मिसळ नव्हती. आमचा संघ असा हरला की बघवेना. त्यांचे गोल पडत राहिले, आपला एकही नाही. घरमालक पहिल्या रांगेत, टोपीबिपी काढून, शेवटपर्यंत शांत बसले होते. मध्ये दोन शेंगदाणेही खाल्ले. मी म्हणालो, "काका, आज आत जायचा प्रश्न नाही आला." ते म्हणाले, "आपला गोल कुठे झाला?" नियमाने बरोबरच होतं.

मे महिन्यात ते दोघं ऑस्ट्रेलियाला गेले. तिथली मॅच किती वाजता दिसते, दिसते की नाही, मी कधी विचारलं नाही.

पण त्या रविवारी, सगळे गेल्यावर, मी बायकोशी हळहळत होतो. म्हणालो, काय नशीब बघ माणसाचं. इतकी वर्षं कंपनीच्या मागे लागला, एवढं मंडळ उभं केलं, आणि तो एक गोल व्हायचा तो नेमका खुर्च्या काढायला आत गेल्यावर.

बायको टोप्या घडी करून पिशवीत भरत होती. काल गोल झाला तेव्हा ती पावाचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होती, म्हणजे टीव्हीकडे तिची पाठ.

"आत कुठले?" ती म्हणाली. "बाहेर आले होते ते. माझ्यासमोर उभे होते, दोन्ही हातांत खुर्च्या. गोल बघितला त्यांनी. अगदी पक जाळ्यात जाईपर्यंत. मग पडद्यावर किती मिनिटं उरलीत ते बघितलं, दोन पावलं मागे गेले, आणि तुम्ही वळलात."

"मग तू बोलली का नाहीस?"

तिने पिशवीचं तोंड बांधलं.

"जिंकत होतो ना आपण."